दौलत आणि खासगी

सन १७३४ च्या जानेवारी महिन्यात थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या सरकारातून होळकरांच्या घराण्यास एक जहागीर मिळाली, आणि ती मल्हाररावांच्या नावे न लागता त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे लागली. विनंती मल्हाररावांचीच होती. वर्षाकाठी सुमारे तीन लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख त्या सनदेने गौतमाबाईंकडे वंशपरंपरेने आला, आणि तेव्हापासून होळकरांच्या घरात दोन कोठारे शेजारी शेजारी नांदू लागली. एकाचे नाव दौलत, दुसऱ्याचे खासगी. दौलत म्हणजे सरंजाम. तिच्यातून फौज पोसावयाची, घोड्यांची दाणावैरण आणि शिलेदारांचा रोजमुरा भागवावयाचा, वरच्या सरकारात हिशेब रुजू करावयाचा, आणि धन्याची मर्जी फिरली तर जप्ती येईल ही धास्ती नेहमी उशाशी घेऊन निजावयाचे. खासगीला यांतले काहीच लागू नव्हते. ज्याचा अर्धा संसार घोड्याच्या पाठीवर झाला त्या सरदाराला, आपल्या पराक्रमाने घरात लाखोंची उलाढाल होत असली तरी बायकोच्या हाती निश्चित असे त्यातले काही राहत नाही, हे उमगले असावे. आणि ते उमगल्यावर त्याने तोंडी आश्वासनावर न भागवता सरकारी शिक्क्याचा कागद करून घेतला, ही गोष्ट मला त्याच्या अनेक लढायांइतकीच शहाणपणाची वाटते.

गौतमाबाईंच्या पश्चात ही खासगी त्यांच्या सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत ज्या घाटांनी, देवळांनी आणि धर्मशाळांनी अहिल्याबाईंचे नाव लोकांच्या जिभेवर कायम केले, त्यांचा खर्च मुख्यतः या खासगीतून झाला. खासगीच्या द्रव्यावर त्यांनी तुळशीपत्र ठेवून ते धर्मादाय करून टाकले होते, अशी परंपरा आहे. दौलतीचा पैसा फौजेचा आणि रयतेचा, खासगीचा आपल्या इच्छेचा, ही रेघ त्यांनी कधी पुसू दिली नाही. हिंदुस्थानभर पसरलेली ही कीर्ती मुळात एका नवऱ्याने बायकोच्या नावे वेगळ्या मांडून दिलेल्या खात्यातून निघाली, हे मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही.

हे प्रकरण होळकरांपासून सुरू करण्याचे कारण असे की, आजच्या जोडप्यांना पैशाच्या बाबतीत उपदेश करणाऱ्यांचे जे दोन पंथ आहेत त्या दोघांनाही ही हकिकत अडचणीची आहे. एक पंथ सांगतो की, लग्न झाले म्हणजे पगार, ठेवी, सोने, सारे एका ठिकाणी आणावे, कारण वेगळे ठेवणे हे अविश्वासाचे लक्षण होय. दुसरा सांगतो की, ज्याने त्याने आपापले सांभाळावे आणि महिनाअखेर घरभाडे, किराणा, दूध आणि विजेचे बिल निम्मेनिम्मे वाटून घ्यावे. पहिल्या घरात कोणा एकाला मैत्रिणीबरोबर घेतलेल्या चहाचाही जबाब द्यावा लागतो. दुसऱ्या घरात संसाराचे भागीदारीतले दुकान होते, आणि तेही असे की ज्याचा ताळेबंद कोणीच मांडत नाही. मल्हाररावांच्या घरी दोन्ही कोठारे होती आणि दोहोंचेही दफ्तर होते. मी जे संसार जवळून पाहिले त्यांतल्या पैशाच्या कटकटी तुटीमुळे जितक्या झाल्या, तितक्याच या एका कारणाने झाल्या की दौलतीची वही एकट्याच्या हाती होती आणि खासगी दुसऱ्याला चोरून ठेवावी लागत होती. वही दोघांना उघडी असावी आणि खासगी दोघांना कबूल असावी. मला या प्रकरणात सांगावयाचे आहे ते एवढेच, आणि बाकीचा विस्तार त्याच्याच पोटातला आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांना या दोन्ही गोष्टींची जाण होती, जरी त्यांनी त्या एकाच ठिकाणी सांगितल्या नाहीत. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात असे म्हटले आहे की, पतिपत्नींमध्ये वाटणी संभवत नाही. पाणिग्रहणापासून कर्मांत, पुण्यफलांत आणि द्रव्याच्या संपादनात त्यांचे सहत्व असते. आणि म्हणूनच नवरा प्रवासात असताना प्रसंग पडला म्हणून पत्नीने दान केले तर ती चोरी ठरत नाही. सूत्रकाराला ‘ती चोरी नव्हे’ असे मुद्दाम सांगावे लागले, यावरून तीस चोरी म्हणणारे नवरे त्याच्याही काळी होते, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. उलट कात्यायन स्त्रीधनाच्या बाबतीत कडक आहे. नवरा, मुलगा, बाप, भाऊ यांपैकी कोणालाही स्त्रीधन घेण्याचा वा देऊन टाकण्याचा अधिकार नाही, आणि बळजबरीने घेतले तर ते व्याजासह परत केले पाहिजे, असा त्याचा दंडक आहे. याज्ञवल्क्याने नवऱ्याला चार सवलती दिल्या: दुष्काळ, अवश्य धर्मकार्य, आजार आणि कैद, या प्रसंगी घेतलेले स्त्रीधन परत केले नाही तरी चालेल. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि तीच पुढे महाराष्ट्रात प्रमाण मानली गेली. ही चार प्रसंगांची यादी मी पुष्कळदा वाचली आहे. मित्राला जामीन राहणे, भावाला दुकान काढून देणे, चढत्या बाजारात शेअर घेणे यांपैकी काहीही तिच्यात नाही. पण पाटल्या सराफाच्या दुकानी गहाण पडलेल्या मी पाहिल्या त्या बहुधा याच कारणांनी.

इंग्रजी अमदानीत आणि नंतर कायदा या बाबतीत सावकाश पण एकाच दिशेने गेला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची संपूर्ण मालकी मान्य केली. आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, बायकोचे दागिने नवऱ्याच्या घरी, त्याच्या कपाटात असले तरी तो त्यांचा केवळ विश्वस्त असतो, आणि मागूनही ते परत न देणे हा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. कात्यायनाला हा निर्णय नवा वाटला नसता.

पण सनद असो वा निकाल, ही सारी कागदावरची गोष्ट झाली. ज्या लाखो बायकांच्या नावे कोणी जहागीर लावून दिली नाही त्यांनी आपली खासगी आपणच निर्माण केली. थोरामोठ्यांच्या घरी बायकांना चोळीबांगडीसाठी गाव किंवा जमीन तोडून देण्याची चाल होती. मध्यम स्थितीच्या घरी चोळीबांगडी म्हणजे घरखर्चातून मागे टाकलेली चिल्लर. भाजीवाल्याशी घासाघीस करून वाचलेला आणा, रद्दीचे पैसे, भाऊबीजेची ओवाळणी, माहेरून निघताना आईने मुठीत कोंबलेली नोट. हे सारे तुरीच्या डाळीच्या डब्यात, तांदळाच्या कोठीत, नऊवारीच्या घडीत, देवाच्या पाटाखाली जाऊन बसे. भिशी हे या खासगीचे सार्वजनिक रूप. दहा-बाराजणी दरमहा ठरलेली रक्कम जमवीत, चिठ्ठी निघे, आणि जिच्या नावाची निघेल तिच्याकडे एकरकमी ऐवज येऊन त्यातून मिक्सर किंवा मंगळसूत्राची वाढीव वाटी होई. नवऱ्याला वस्तू दिसे. तिचा उगम दिसत नसे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारांच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले तेव्हा या गुप्त कोठारांवर जी धाड पडली तशी कोणत्याही दरोडेखोराने घातली नसेल. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंतची रोख भरली तर तिची चौकशी होणार नाही, असा खुलासा सरकारने केला. प्राप्तिकर खात्याची भीती त्याने गेली, पण खरी भीती त्या खात्याची नव्हतीच. आमच्या इमारतीतील एका बाईंनी डाळीच्या तीन डब्यांतून बाहेर काढलेल्या नोटा जेवणाच्या टेबलावर मांडल्या तेव्हा त्यांचे यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी जे विचारले ते ‘किती आहेत?’ असे नसून ‘कशासाठी?’ असे होते. बाईंनी उत्तर दिले, “लागले तर म्हणून.” चोवीस वर्षांच्या संसारात जे कधी लागले नव्हते, पण लागेल म्हणून जपले होते, त्याचे नाव त्यांना दुसरे काय सांगता येणार? त्या गृहस्थांना वाईट वाटले ते साहजिक होते. तथापि मला राहून राहून वाटते की, ज्या घरात खासगी लपवावी लागते त्या घरात तिची सनद द्यावयाची कोणाकडून तरी राहून गेलेली असते.

वही एकाच्या हाती असली म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण मुंबईच्या गिरणगावाने घालून दिले आहे. हिंदुस्थानात टपाल खात्याची मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली, आणि पुढची शंभर वर्षे कोकणातल्या आणि घाटावरच्या हजारो घरांचे दांपत्यजीवन तिच्या आधाराने चालले. चाकरमानी परळ-लालबागेत एका खोलीत दहाजणांबरोबर राहून पगारातून खानावळ, भाडे आणि गावकीची वर्गणी वजा जाता उरलेले पैसे गावी पाठवी. मनिऑर्डर बहुधा बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे जाई. फॉर्मच्या शेपटीला निरोपापुरती जागा असे. तीत पेरणी, गुरे, देवीची ओटी आणि ‘सर्वांस नमस्कार’ एवढे मावे. मनिऑर्डर आली की पोस्टमन ओटीवर बसे, पैसे मोजून देई, निरोप मोठ्याने वाचून दाखवी. आणि जिच्या नवऱ्याने पैसे पाठवलेले असत ती माजघराच्या दाराआडून रक्कम ऐके. किती आले ते तिला कळे; किती मिळतात ते कळत नसे, आणि कर्ज कोणाचे, किती फिटले, हे तर दोघांपैकी एकालाही पुरते ठाऊक नसे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनिऑर्डरी आटल्या, तेव्हा पुष्कळ घरांना आपली दौलत केवढी होती हे ती गेल्यावरच कळले.

त्याच गिरणगावात याच्या अगदी उलट अशी एक वही लिहिली जात होती. चाकरमान्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका पदरच्या पैशाने किराणा भरीत, महिनाभर उधारीने वाढीत, आणि दुकानदाराच्या व सावकाराच्या व्याजात दबून जात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे त्यांच्या स्वतःच्या नावे मिळवून दिली. नाव लागले, खाते उघडले, हप्ता फेडल्याची नोंद झाली. मग घरातल्या पुरुषांचा सूरही बदलला, असे त्या चळवळीत वावरलेली माणसे सांगतात. मला ते खरे वाटते, कारण कागदावर नाव चढले की आवाज आपोआप एक पट्टी वर जातो.

शेतीच्या बाबतीत हा प्रयोग शेतकरी संघटनेने केला. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम मांडला: नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा राजीखुशीने बायकोच्या नावे करावा. काही गावांतून शेकडो शेतकऱ्यांनी तसे करून दिले. ज्या शेतात ती वीस-पंचवीस वर्षे खुरपत होती त्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढलेले तिने प्रथमच पाहिले. येथेही मला मल्हाररावांचीच सनद दिसते, फक्त शिक्का तलाठ्याचा.

पण कायद्यानेच निम्मा वाटा देऊन टाकला तर? हे पाहण्यास मराठी माणसाला दूर जावे लागत नाही. तिलारीचा घाट उतरला की पुरे. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून अमलात आली, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही तिचा कौटुंबिक भाग चालू ठेवण्यात आला. तिच्या अन्वये विवाहापूर्वी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल तर लग्न लागताक्षणी दोघांची आधीची आणि पुढची सारी मालमत्ता सामाईक होते आणि तीत प्रत्येकाचा अर्धा हिस्सा ठरतो. हा हिस्सा मृत्यूनंतरचा वारसा नव्हे. जिवंतपणीची मालकी होय. नवरा वारला तर त्याच्या वारसांत वाटणी होते ती त्याच्या अर्ध्याची, बायकोचा अर्धा भाग तिचाच असतो. घर वा जमीन विकावयाची तर दोघांची संमती लागते; म्हणूनच गोव्यातील जुन्या घराच्या खरेदीखतावर भावंडे, त्यांच्या बायका, बहिणी आणि त्यांचे नवरे अशा सह्यांची वरात निघते, आणि एखादी सही लिस्बनला किंवा लंडनला अडकून बसली तर व्यवहार वर्षानुवर्षे लटकतो. भारताच्या प्राप्तिकर कायद्यालाही या सहत्वाची दखल घ्यावी लागली. १९६१ च्या कायद्यातील ‘५अ’ कलमान्वये अशा दांपत्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे विभागून धरण्यात आले.

बाकीच्या देशात मात्र घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाची किंमत काय धरावी, यावर कायदा अद्याप चाचपडतो आहे. मोटार अपघाताच्या भरपाईसाठी १९९४ मध्ये जे कोष्टक कायद्याला जोडले गेले त्यात न कमावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्याच्या एकतृतीयांश धरावे असे होते. अर्ध्याच्या ऐवजी तिसरा हिस्सा कोणत्या मापाने निघाला हे कोष्टककर्त्यांनाच ठाऊक. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले की, गृहिणीच्या श्रमामुळेच नवऱ्याला कमावता आले असेल तर त्या कमाईतून झालेल्या मालमत्तेत तिचा समान वाटा आहे. गोव्यातील सासष्टीतल्या म्हाताऱ्या नोटरीला ही बातमी वाचून जांभई आली असेल.

तरीही गोव्याच्या संहितेत एक मेख होती, आणि ती माझ्या विषयाच्या अगदी मर्माची आहे. मालकी दोघांची, पण मूळ संहितेने सामाईक मालमत्तेचाच नव्हे तर बायकोच्या स्वतंत्र मालमत्तेचाही कारभार नवऱ्याकडे सोपवला होता, आणि तो गैरहजर वा असमर्थ असेल तरच बायकोकडे. म्हणजे अर्धा हक्क तिचा आणि पुरी वही त्याची. निम्मी मालकीण असूनही कर्ज किती काढले हे जिला विचारून कळावयाचे, तिची स्थिती दाराआडून मनिऑर्डर ऐकणारीपेक्षा फार निराळी म्हणता येत नाही.

आता आजच्या दोन पगारांच्या घरी येऊ. समजा, नवऱ्याला महिना ६०,००० रुपये मिळतात, बायकोला ४०,०००, आणि घराचा खर्च ५०,००० आहे. निम्मेनिम्मे घातले तर प्रत्येकी २५,००० जातात. त्याच्यापाशी ३५,००० उरतात, तिच्यापाशी १५,०००. समान म्हणून केलेल्या या वाटणीत तिची कमाई त्याच्या दोनतृतीयांश, पण शिल्लक त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि दहा वर्षांनी घर त्याच्या शिलकीतून झाले म्हणून त्याच्या नावे लागते, ती मात्र वाणसामान भरून मोकळी झालेली असते. उत्पन्नाच्या प्रमाणात घातले तर तो ३०,००० देईल, ती २०,०००, आणि दोघांपाशी आपापल्या पगाराचा अर्धा भाग राहील. हे अधिक न्याय्य. तिसरी रीत अशी की, सारे एक लाख दौलतीत जमा करावे, ५०,००० खर्चाला, ३०,००० दोघांच्या नावे शिलकेला, आणि उरलेल्या २०,००० तून प्रत्येकी १०,००० खासगी म्हणून उचलावे, ज्याचा हिशेब कोणी कोणाला विचारू नये. मूल लहान असताना एकाने नोकरी सोडली तरी खासगी दोघांची सारखी राहते, ती घटली तर दोघांची घटते. म्हणून माझा कल या तिसऱ्या रीतीकडे आहे. ज्यांना ती फार सोवळी वाटते त्यांनी दुसरी धरावी. पहिली मात्र दोघांचे पगार सारखे असतील तरच.

गणित सोपे आहे. वाद निघतो तो कोणती रक्कम कोणत्या कोठारातली यावर. सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दौलतीतून होते आणि आईच्या गुडघ्याचे खासगीतून, हा भेद पुष्कळ घरांत कोणी ठरवलेला नसतानाही पाळला जातो. मुलगी एकुलती असली आणि तिचे वडील निवृत्तिवेतनाशिवाय असले, तर दर महिन्याला माहेरी जाणारे चार-पाच हजार रुपये ती ‘माझ्या पगारातून’ देते असे तिला बोलून दाखवावे लागते. नवऱ्याला आपल्या आईविषयी तसे कधी म्हणावे लागत नाही, कारण तो खर्च घराचा म्हणूनच जन्माला आलेला असतो. चारही म्हाताऱ्यांचे औषधपाणी दौलतीत धरावे, आणि भाच्याच्या मुंजीचा आहेर, मित्राला दिलेले हातउसने, तिसरी पैठणी, चौथा मोबाइल ही खासगीत, असे मी म्हणेन. कोणाला हा क्रम पटणार नाही. न पटो, पण तो दिवाळीआधी, शांतपणे, कागदावर मांडून ठरवावा. भाऊबीजेच्या दिवशी ठरवू नये.

बँकेच्या कागदांविषयी थोडे सांगणे भाग आहे. संयुक्त खाते म्हणून जे उघडले जाते त्याचे मुख्य प्रकार तीन. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या प्रकारात कोणाच्याही एका सहीने पैसे निघतात. ‘दोघांनी मिळून’ या प्रकारात दोन्ही सह्या लागतात. आणि ‘पहिला किंवा हयात’ या प्रकारात पहिले नाव ज्याचे तो जिवंत असेपर्यंत दुसऱ्याचे नाव केवळ शोभेला असते. पुष्कळ बायकांना आपले नाव या तिसऱ्या प्रकारात घातलेले आहे हे पैसे काढावयास गेल्यावर कळते. दुसरी गफलत नामनिर्देशनाची. बँकेच्या ठेवीवर किंवा सोसायटीच्या भागावर ज्याचे नाव नामनिर्देशित म्हणून लावले तो मालक होतो, ही समजूत चुकीची आहे. त्याने ऐवज स्वीकारावयाचा आणि वारसांना पोचवावयाचा. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने जोडीदार, आईबाप आणि मुले यांना अपवाद केले आहे. तेव्हा मृत्युपत्राला पर्याय नाही, आणि ते करण्यास म्हातारपणाची वाट पाहण्याचेही कारण नाही. प्राप्तिकराचे म्हणाल तर, नवऱ्याने आपल्या पैशाने बायकोच्या नावे ठेव ठेवली तर तिचे व्याज त्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. कायदा असल्या दानाकडे जरा वाकड्या नजरेनेच पाहतो. पावती आपल्याच कपाटात कुलूपबंद ठेवून ‘सारे हिच्याच नावे आहे’ म्हणणारे गृहस्थ पाहिले की मला कायद्याचा दृष्टिकोन पटतो.

मात्र एका जुन्या कायद्याकडे धंदा करणाऱ्या कुटुंबांनी अवश्य पाहावे. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयी एक कायदा झाला, आणि त्याचे सहावे कलम १९२३ पासून हिंदूंनाही सर्वत्र लागू झाले. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायकोच्या, किंवा बायको आणि मुलांच्या हिताकरिता म्हणून या कलमाखाली उतरवला, तर तो त्यांच्यासाठीचा विश्वस्तनिधी होतो. नवऱ्याचे दिवाळे निघाले, घेणेकरी दाराशी बसले, तरी त्या रकमेला हात लावता येत नाही, फक्त सावकारांना बुडवण्याच्या हेतूने तो उतरवलेला नसावा. एकदा उतरवला की नवऱ्यालाही लहरीप्रमाणे तो फिरवता येत नाही. पॉलिसी घेतानाच एक जादा फॉर्म भरावा लागतो, एवढाच उपद्व्याप. दौलत जप्त झाली तरी खासगी शाबूत राहावी, हा जो हेतू मल्हाररावांना पेशव्यांच्या सरकारात अर्ज करून साधावा लागला, तो आज कोल्हापूरच्या गुळाच्या अडत्याला किंवा भिवंडीच्या मागवाल्याला एका अर्जावर साधतो. दलाल सहसा हे सांगत नाहीत.

वही उघडी ठेवण्याची रीत मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे आजोबा तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते, आणि सरकारी दफ्तराची शिस्त त्यांनी घरी आणली होती. रोज रात्री जेवणानंतर कंदिलाशी बसून ते रोजकीर्द लिहीत. महिनाअखेर खतावणी आणि तेरीज. १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले तेव्हा त्यांनी पानाच्या मधोमध रेघ मारून वरची शिल्लक आणे-पैत आणि खालची नव्या पैशांत उतरवली, आणि फरक पडला तो ‘सरकारास’ म्हणून खर्ची टाकला. त्या वहीत दर महिन्याच्या एक तारखेला एक नोंद न चुकता असे: ‘घरातून, खासगीकडे, रुपये पाच.’ त्यापुढे खुलासा नसे. आजी त्या पाचांचे काय करी ते त्यांनी विचारलेले मी कधी ऐकले नाही. पण वही मात्र ते लिहून झाली की तिच्यापुढे सरकवीत, ती ओठ हलवीत पान वाची, आणि एखाद्या रात्री ‘तेलाचे दोनदा धरलेत’ म्हणून परत करी. कचेरीतल्या मामलेदारासमोर न चुकणारे आजोबा तेलाच्या बाबतीत बऱ्याचदा चुकत.

पुढे त्यांची नजर गेली. शस्त्रक्रिया लांबली, आणि वही आजीकडे आली. तिचे अक्षर मोठे, ओळी वर चढणाऱ्या. त्या वर्षाची वही माझ्याकडे आहे. पहिल्या तारखेच्या पानावर दूध, लाकूडफाटा आणि दळण यांच्या खाली तिने लिहिले आहे: ‘यांस, खासगीकडे, रुपये पाच.’ आणि त्यापुढे, आजोबांच्या वहीत कधीच नसलेला एक शब्द: ‘विड्यांस?’